हाताचं माप

नेप्तीच्या उपबाजारातून कांद्याची पट्टी हातात पडली, तेव्हा आबांच्या मुलाने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. पारनेरच्या रानातला हा पहिलाच कांदा, ज्याचे पैसे कोणाच्या देण्यात गेले नव्हते. ते पोरीच्या पिस्तुलात घालायचे.

पोरगी बावीस वर्षांची. शहरातल्या एका क्लबच्या हॉलमध्ये दहा मीटरवर एअर पिस्तूल शिकली आणि तिथून 25 मीटरच्या स्पोर्ट पिस्तुलाकडे वळली. त्यासाठी भिंगारहून पहाटेची एसटी धरून पुण्याला बालेवाडीच्या रेंजवर जायचं, क्लबचं पिस्तूल मागून घ्यायचं, रात्री परत यायचं. क्लबचं पिस्तूल दहा हातांतून फिरायचं. आज मुठीत बसलं असं वाटावं, तर पुढच्या खेपेला कुणीतरी त्याच्या ग्रिपचा तळहाताखालचा टेका हलवून ठेवलेला असायचा.

25 मीटरच्या या स्पर्धेत पिस्तूल फार सोसतं, म्हणून स्पर्धेचा क्रम सांगायला हवा. एकूण 60 गोळ्या. पहिल्या 30 निवांत, पाच-पाचच्या मालिकेत, प्रत्येक मालिकेला पाच मिनिटं. पुढच्या 30 ला लक्ष्य तीन सेकंद दिसतं, सात सेकंद नाहीसं होतं. दिसलं की खाली झुकलेला हात उचलायचा, एकच गोळी मारायची, पुन्हा हात खाली. प्रत्येक गोळीनंतर पिस्तुलाने स्वतःच रिकामी पुंगळी बाहेर फेकून नवं काडतूस चेंबरमध्ये घ्यायचं असतं. ते त्याने एकदा जरी चुकवलं, तरी तीन सेकंदांत नेमबाजाला काही करता येत नाही.

बापाला हे सगळं ठाऊक नव्हतं. त्याने 2024 च्या जुलैमध्ये टीव्हीवर मनू भाकरला पॅरिस ऑलिंपिकमध्ये दोन कांस्यपदकं घेताना पाहिलं होतं आणि 1 ऑगस्टला कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने रायफलमध्ये कांस्य घेतलं तेव्हा गल्लीत पेढे वाटले होते. त्याचा हिशेब सरळ होता. मोठे खेळाडू जे वापरतात, त्यातलं सगळ्यात नवं आणि सगळ्यात महाग घ्यायचं. "पोरीला कमी पडलं असं कुणी म्हणू नये," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

आबा, पोरीचे आजोबा, खाटेवर बसून ऐकत होते. त्यांची उभी हयात सैन्याच्या ईएमईत आर्मरर म्हणून, शस्त्रं दुरुस्त करण्यात गेली, आणि नोकरीची शेवटची वर्षं नगरातच. नगर हे रणगाड्यांचं गाव. आर्मर्ड कोरचं सेंटर आणि स्कूल इथे, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथे, लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई इथे, खारे कर्जुन्याला के. के. रेंज. टँक म्युझियममध्ये शाळांच्या सहली येतात, पोरं तोफांच्या नळ्यांखाली उभी राहून फोटो काढतात. आबांचा संबंध मात्र रणगाड्यातल्या माणसाच्या कमरेला असणाऱ्या वस्तूशी आला. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेलं 9 एमएम 1ए पिस्तूल, ब्राउनिंगच्या जुन्या हाय पॉवरच्या धर्तीवरचं, मॅगझिनमध्ये 13 गोळ्या. तशी शेकडो पिस्तुलं त्यांनी उघडली, पुसली, जोडली. नाव कागदावर वाचून पिस्तूल चांगलं की वाईट हे त्यांनी कधी ठरवलं नाही.

"टोकियो आठवतं का?" त्यांनी मुलाला विचारलं. "2021. याच मनूचं पिस्तूल भर स्पर्धेत बिघडलं. दुरुस्त होऊन येईपर्यंत घड्याळ थांबलं नाही. 575 गुण, बारावा नंबर, फायनल हुकली. तिचं पिस्तूल काय स्वस्तातलं होतं?"

"मग घ्यायचं तरी कोणतं?"

"ते मला विचारू नकोस. हिच्या हाताला विचार."

बापाला वाटलं, म्हातारा टाळतोय. मला विचाराल तर त्या घरात त्या रात्री एवढं एकच वाक्य कामाचं बोललं गेलं. आणि गोष्ट अशी, की ते वाक्य बोलणाऱ्यालाच पुढे ते पाळणं जड गेलं.

आबांनी नातीला दोनशे पानी वही आणायला लावली. रकाने स्वतः आखून दिले. तारीख, पिस्तूल, काडतुसांच्या डब्यावरचा लॉट नंबर, किती झाडल्या, अडकल्या किती आणि कशा. "कशा" या रकान्यावर त्यांचा सगळा भर. काडतूस चढलंच नाही, तर आधी मॅगझिन बघायचं. त्याचे ओठ वाकलेत का, स्प्रिंग ढिली आहे का. पुंगळी अर्धी बाहेर येऊन स्लाइडमध्ये उभी अडकली, तर एक्स्ट्रॅक्टर, नाहीतर घाण, नाहीतर मनगट ढिलं. पिन पडली पण गोळी सुटली नाही, तर काडतूस उचलून त्याच्या कडेवरचा ठसा बघायचा. ठसा खोल असेल तर दोष काडतुसाचा, पुसट असेल तर पिनेचा किंवा पिनेमागच्या स्प्रिंगचा. .22 च्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या मध्यावर नसून कडेत भरलेला असतो. ही काडतुसं स्वस्त पडतात, पण लहरी असतात. एका पिस्तुलाला जो डबा मानवतो तो दुसऱ्याला मानवेलच असं नाही.

"दोनशेला एक अडकली तर?" नातीने विचारलं.

"सामन्याला 60, वर सरावाच्या. म्हणजे तीन सामन्यांत एकदा. तो सामना कोणता असेल, हे तुझं तू ठरव."

पुढचे तीन महिने तिने बालेवाडीला तीन पिस्तुलांवर हात टाकला. मालक समोर उभे असायचे, परवाने त्यांचे, पिस्तुलं त्यांची. नेमबाजांत ही देवाणघेवाण चालते. पहिलं कोरं नवं, इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं, तिच्याच क्लबातल्या एका मुलीने नुकतंच परदेशातून आणवलेलं. बापाच्या मनात हेच होतं. दुसरं जुनं, पोलादाचं, नेमबाजी सोडलेल्या एका गृहस्थाचं, ते विकायलाच काढलेलं. तिसरं या दोहोंच्या मधलं, साध्या यांत्रिक ट्रिगरचं, ज्याच्याकडे कुणी वळूनही पाहत नव्हतं.

आबा एकदा मुद्दाम तिच्याबरोबर पुण्याला गेले. जुनं पिस्तूल पाहिलं आणि त्यांचा चेहराच बदलला. हातात घेतल्याबरोबर त्यांनी मॅगझिन काढलं, स्लाइड मागे ओढून चेंबरमध्ये डोकावलं, करंगळी घालून चाचपलं, मगच ते पिस्तूल वळवून बघितलं. प्रत्येक खाच हाताने घासून बसवलेली. "असं काम आता कोण करतो?" ते म्हणाले. परतीच्या एसटीत शिरूर जाईपर्यंत ते त्याच पिस्तुलाबद्दल बोलत होते. नात गप्प होती. आजोबांच्या डोळ्यांत इतक्या दिवसांनी आलेली चमक तिला मोडायची नव्हती.

त्याच आठवड्यात राहुरीचा भाचा आला. ऊसवाला, नवी गाडी, कमरेला पाऊच. त्यात ऑर्डनन्स फॅक्टरीचं .32 पिस्तूल.

"मामा, हे बदलून मोठं घ्यावं म्हणतो. 9 एमएम नाही का मिळत?"

"मिळत नाही. ते प्रतिबंधित बोअर आहे, सरकारी लोकांसाठी. तुझं आमचं .32 वर भागतं. आणि हवंय कशाला मोठं?"

"उसात बिबट्या आहे. रात्री पाण्याची पाळी असते."

नगर जिल्ह्यात उसात बिबट्या असणं ही काही उगाच घेतलेली भीती नाही. रात्रीची वीज, रात्रीचं पाणी आणि डोक्यापेक्षा उंच ऊस, यात माणसाचा जीव खरोखर टांगणीला असतो. आबांनी ते हसण्यावारी नेलं नाही. पण म्हणाले, "बिबट्याला कायद्याने सर्वांत वरचं संरक्षण आहे. आणि अंधारात, उसातून झेपावणाऱ्या जनावरावर पिस्तूल चालवून कुणी वाचत नसतं. त्यासाठी दोघं मिळून जा, मोठी बॅटरी ने, आवाज करत जा, वनखात्याला कळव. बरं, हे आधी दाखव."

भाच्याने पाऊचसकट पुढे केलं. आबांनी पिस्तूल जमिनीच्या मोकळ्या कोपऱ्याकडे धरून मॅगझिन काढलं, स्लाइड ओढली. चेंबरमधून एक काडतूस टपकन खाटेवर पडलं.

खोलीत कुणी काही बोललं नाही. भाच्याला ते आत असल्याचं आठवतच नव्हतं.

आबांनी पुढचं काम शांतपणे केलं. आतलं तेल वाळून चिकटा झाला होता, स्लाइड अडखळत मागे येत होती. काडतुसांच्या पितळेवर हिरवट डाग. ती कपाटात खताच्या पावत्यांशेजारी किती पावसाळे काढून होती, हे भाच्याला सांगता येईना. परवाना मात्र वेळच्या वेळी नूतन केलेला होता. 2019 च्या दुरुस्तीपासून परवाना पाच वर्षांचा झाला, त्यामुळे तेवढीही आठवण लवकर होत नाही.

"हे घेतल्यापासून किती गोळ्या झाडल्यास?"

"घेतलं तेव्हा चार-पाच."

"मग तुझ्याकडे पिस्तूल नाही. पिस्तुलाचा परवाना आहे." आबांनी सगळे भाग जुन्या धोतराच्या फडक्यावर मांडले. "आपल्याच नगरात 1549 साली रूमी खानाने मलिक-ए-मैदान ओतली. 55 टनांची तोफ. आज ती विजापूरच्या बुरुजावर आहे. अशी तोफ हलवायची म्हणजे हत्ती, बैल, शेकडो माणसं. निजामशाहीकडे तेवढी माणसं होती, ती ओढणारी होती, डागणारी होती, म्हणून ती तोफ होती. तुझ्याकडे हे अर्ध्या हाताचं आहे आणि त्याला तेल घालायलाही माणूस नाही. मोठं घेऊन काय करशील?"

भाचा रागावला असेल, असावाच. पण पिस्तूल साफ होईपर्यंत तो बसून राहिला आणि कुठला भाग कुठे बसतो ते त्याने दोनदा विचारलं. जुनी काडतुसं वापरायची नाहीत, त्यांचं काय करायचं ते परवानाधारक दुकानदारालाच जाऊन विचारायचं, आणि पुण्यात परवानाधारक रेंजवर शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली वर्षातून दोनदा तरी पन्नास गोळ्या झाडायच्या, एवढं कबूल करून तो गेला. जाताना पाऊच कमरेला नव्हता, पिशवीत होता.

इकडे वहीची पानं भरत होती.

पावसाळा संपता संपता आबांनी ती वाचायला घेतली. नव्या पिस्तुलावर चारशेवर गोळ्या झाल्या होत्या आणि अडकल्याचा रकाना पूर्ण कोरा होता. जुन्यावर सुरुवातीला चार अडकल्या होत्या, चारही काडतूस न चढण्याच्या. आबांनी एका मॅगझिनचे ओठ वाकल्याचं बरोबर ओळखलं होतं, मालकाने ते मॅगझिन बाजूला काढलं आणि पुढे एकही अडकली नाही. तिसऱ्यावर एक मिसफायर, ठसा खोल, म्हणजे काडतुसाचा दोष. विश्वासाच्या बाबतीत तिन्ही पास.

"मग झालं की," आबा म्हणाले. "पोलादाचं घे. माझं मन तिथंच आहे."

नातीने वही पुढे उलटली. तिने एक रकाना स्वतःहून वाढवला होता, आबांना न विचारता. लक्ष्यावर गोळ्या कुठे पडल्या, त्याच्या छोट्या आकृत्या. निवांत मालिकेत तिन्ही पिस्तुलांचे झुबके जवळपास सारखे. तीन सेकंदांच्या मालिकेत मात्र जुन्या पोलादी पिस्तुलाचा झुबका दर वेळी मध्याच्या डावीकडे सरकलेला. एकदा नव्हे, दर वेळी.

आबांनी चष्मा पुसला. आकृत्या बघता बघता त्यांना एक जुना जवान आठवला. आखूड बोटांचा, गोरापान, पहाडातला. 9 एमएमवर त्याच्या गोळ्या अशाच डावीकडे जायच्या आणि उस्ताद त्याला घाबरट म्हणायचा. आबाच मध्ये पडले होते. पोरगा घाबरट नाही, साहेब, त्याचं बोट ट्रिगरवर पुरं पोचत नाही. नुसतं टोक लागतं आणि दाबताना टोक पिस्तुलाला बाजूला ढकलतं. त्या वेळी त्यांचं कुणी ऐकलं नव्हतं. सगळ्यांना एकच पिस्तूल मिळायचं. हात बदलायचा तो जवानाने, असा तो काळ.

"उठ," ते नातीला म्हणाले. "उद्या तुझा हातच बघू."

दुसऱ्या दिवशी बालेवाडीला त्यांनी तिन्ही पिस्तुलं मागून घेतली. गोळी नाही, चेंबरमध्ये प्लास्टिकचा प्लग, कारण .22 चं पिस्तूल रिकामं चालवलं तर पिन चेंबरच्या कडेवर आपटून कड खराब होते. नातीने लक्ष्याकडे तोंड केलं. "डोळे मीट. हात उचल. थांब. आता उघड. नेम धरायची पुढची माशी मागच्या खाचेत कुठं आहे?"

जुन्याची माशी खाचेच्या डाव्या भिंतीला चिकटलेली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मनगट किंचित मुरडलं की माशी मध्ये येत होती, पण तीन सेकंदांत मनगट मुरडायला सवड नसते. नव्याची माशी जवळपास मध्ये येत होती, तरी ग्रिप मोठी आणि वजन नळीकडे जास्त. सहाव्या-सातव्या उचलीला नातीचा खांदा बोलायला लागला. तिसऱ्याची माशी पहिल्या खेपेला खाचेत बसली. दुसऱ्या खेपेलाही. आबांनी तिच्या बोटाकडे पाहिलं. पहिल्या पेराचा गुबगुबीत भाग ट्रिगरवर सपाट टेकला होता, बोटाची बाजू लाकडाला कुठेही लागत नव्हती, आणि नळी, मनगट, कोपर एका रेषेत होतं.

बाप म्हणाला, "नव्याची ग्रिप घासून घेतली तर?"

प्रश्न चुकीचा नव्हता. ग्रिप लाकडाची असते, कानशीने घासता येते, कमी पडेल तिथे पुट्टी भरता येते, टेका वर-खाली होतो, ट्रिगरही थोडा पुढे-मागे सरकतो. नियमात बसवून हे सगळं करता येतं: ट्रिगरने किमान एक किलोचं वजन उचललं पाहिजे, पिस्तूल एकूण 1400 ग्रॅमच्या आत राहिलं पाहिजे आणि तीस सेंटिमीटर लांब, पंधरा रुंद, पाच जाड अशा पेटीत मावलं पाहिजे. पण आधी बसणारं घ्यायचं आणि मग बारीकसारीक घासायचं, की आधी नाव बघून घ्यायचं आणि मग त्यात आपला हात बसवत राहायचं? नेमबाज राही सरनोबत याच 25 मीटरच्या स्पर्धेत 2018 ला जकार्तात आशियाई क्रीडास्पर्धांचं सुवर्ण जिंकली, ते शूट-ऑफमध्ये. बरोबरी झाली, पहिला शूट-ऑफही बरोबरीत सुटला, मग दुसऱ्यात एका गोळीने निकाल लागला. इतक्या बारीक धाग्यावर जिथे सगळं असतं, तिथे मनगट मुरडून माशी मध्ये आणणाऱ्याचं काय होणार, हे बापालाही उमगलं.

आबा बराच वेळ जुनं पिस्तूल हातात घेऊन उभे होते. त्यांनी डोळे मिटले, हात उचलला, उघडले. माशी खाचेत नीट मध्यावर होती.

"बघ," ते म्हणाले, "हे माझ्या हाताचं आहे. म्हणून मला एवढं आवडलं."

"आबा, ते वाईट नाही."

"नाहीच वाईट. तुझं नाही, एवढंच. तिसऱ्याचा भाव विचार."

तिसरं आलं. कागदपत्रांना वेळ लागला: संघटनेचं शिफारसपत्र, जिल्हाधिकारी कार्यालयातला अर्ज, पोलीस पडताळणी, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला. कुठेही ओळखीने काम लवकर करून घ्यायचं नाही, हा आबांचा हट्ट. तोवर ती त्या पिस्तुलाच्या मालकासमोरच सराव करत राहिली आणि वही लिहीत राहिली.

नवं इलेक्ट्रॉनिक पिस्तूल ज्या मुलीचं होतं, ती उंच, लांब बोटांची. तिचे गुण त्याच्यावर चढतच गेले. आणि पोलादी पिस्तूल? ते विकायलाच होतं. क्लबात संगमनेरकडचा एक मुलगा येऊ लागला होता, कुस्तीच्या घरातला, पंजा रुंद. पैसे बेताचे, जुनं मिळालं तर बघतो म्हणाला. नातीने त्याला ते हातात द्यायच्या आधी मॅगझिन काढून, चेंबर दाखवून, प्लग घातला.

"डोळे मीट," ती म्हणाली.

त्याची माशी मध्यावर आली. तरी तिने त्याला घेऊ दिलं नाही. आधी तीनशे गोळ्या, आधी वही. त्या मुलाने महिनाभर लिहिली. शेवटी तो वही घेऊन भिंगारला आला आणि आबांनी एक-एक ओळ वाचून मान डोलावली, तेव्हाच त्या गृहस्थांना निरोप गेला.

कांद्याच्या पैशांतून थोडे उरले होते. मुलाने विचारलं, सुटकेस घ्यायची का, चांगली परदेशी, फोमची. आबांनी वही उघडली, ज्या लॉट नंबरसमोर एकही मिसफायर नव्हता तो बोट ठेवून दाखवला आणि म्हणाले, "याच लॉटची मिळतील तेवढी काडतुसं घे. परवान्यात बसतील तेवढीच."